दुरुस्तीनंतर गाडी थरथरते आणि बॅलन्सिंग करूनही जात नाही? असं शोधा

सेकंड हँड गाडी घेतली, क्लच घसरत होता म्हणून बदलून आणला, आणि त्या दिवसापासून गाडी ८५ च्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, काम गिअरबॉक्सचं होतं, चाकांचा काय संबंध?’ टायरवाला म्हणतो, ‘मशिनवर झिरो-झिरो आहे, तुम्हीच बघा.’ आधीचा मालक म्हणतो, ‘माझ्याकडे होती तेव्हा लोण्यासारखी चालायची.’ तिघंही कदाचित मनापासूनच बोलत असतात, आणि गाडी तरीही थरथरत असते.

गॅरेजवाल्याच्या वाक्यापासूनच सुरू करू. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा तर चाकांना जोर पोचवणारे दोन्ही ॲक्सल ओढून काढावे लागतात, आणि त्यासाठी पुढची चाकं काढावीच लागतात. म्हणजे क्लचच्या कामात चाकं, ॲक्सल, लोअर आर्मचे बॉल जॉइंट, इंजिनची फाउंडेशन (इंजिन बॉडीला धरून ठेवणारी रबरी माउंटिंग), गिअरबॉक्सचं माउंटिंग, काही गाड्यांत खालचा क्रॉसमेंबर आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप, एवढं सगळं सुटतं आणि परत बसतं. संबंध आहे, चांगलाच आहे. दुरुस्तीनंतर थरथर सुरू झाली असेल तर बिलावरच्या नव्या पार्टकडे नंतर बघा. त्या पार्टपर्यंत पोचायला काय काय उघडलं होतं ते आधी विचारा.

आधी नट

कमी वेगात, अगदी ३०-४० ला, चाकातून धड-धड येत असेल, स्टिअरिंग डावी-उजवीकडे डोलत असेल आणि हे तासा-दोन तासांत वाढत गेलं असेल, तर पुढचं वाचू नका. गाडी बाजूला घ्या आणि चाकाचे नट बघा. सैल नटांवर चाललेलं चाक रिमची भोकं खातं आणि शेवटी स्टड तुटतात. नट आवळायला बहुतेक लहान गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटर जोर (टॉर्क) लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पाव मीटर लांबीच्या पान्यावर सुमारे चाळीस किलोचा जोर दिला की तेवढं होतं. पान्यावर उभं राहून उड्या मारायची गरज नाही, आणि एअर गनने कर्रर्र करून सोडून देणं हेही काम नव्हे. नट एका आड एक, समोरासमोर आवळायचे. अलॉय (मिश्रधातूच्या रिम) असतील तर ५०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावायचा.

थरथर कशावर अवलंबून आहे?

नट ठीक आहेत असं धरून चालू. आता पार्ट बदलायच्या आधी एकच गोष्ट ठरवायची: थरथर गाडीच्या वेगावर अवलंबून आहे, इंजिनच्या आरपीएमवर, की पायाखालच्या पेडलवर. हे न ठरवता गॅरेजमध्ये गेलात तर ॲलाइनमेंट, बॅलन्सिंग, लिंक रॉड, टाय रॉड, मग ‘शॉकॲब्सॉर्बर पण बघून घेऊ’ अशी वरात निघते. जाता जाता सांगतो, ॲलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर कडेने खातात. थरथर त्याने होत नाही. ‘आधी ॲलाइनमेंट करून बघू’ म्हणणाऱ्याला फक्त मशिन चालवायचं असतं.

गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, हळूहळू तीन हजार आरपीएमपर्यंत न्या. ठरावीक ठिकाणी केबिन हादरत असेल तर चाकं निर्दोष आहेत, कारण ती फिरतच नाहीयेत. प्रश्न इंजिन, फाउंडेशन किंवा सायलेन्सरचा.

मग सरळ, रिकामा, सपाट रस्ता बघा. थरथर येते तो वेग धरा आणि गाडी न्यूट्रलला टाका. इंजिन चालूच ठेवायचं. चावी फिरवून बंद करू नका, स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत जाते, काही गाड्यांत स्टिअरिंग लॉकही होतं. आणि हा प्रयोग घाटात तर अजिबात नको. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच राहिली तर चाक, टायर, रिम, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) यांच्यापैकी कोणीतरी. न्यूट्रलला टाकताच गेली तर इंजिन किंवा ॲक्सल. या दोघांना वेगळं करायला तोच वेग एकदा चौथ्यात आणि एकदा पाचव्यात धरा. गिअर बदलल्यावर त्याच वेगातली थरथर बदलली किंवा गेली तर ती इंजिनच्या बाजूची. दोन्ही गिअरमध्ये सारखीच, पण ॲक्सिलरेटर दाबला की येते आणि पाय उचलला की जाते, तर ॲक्सलचा आतला जॉइंट. आणि फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल तर ब्रेकची डिस्क.

हातात स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट आणि पाठ थरथरत असेल तर मागची. याला अपवाद असतात, पण सुरुवात करायला पुरेसं आहे.

रस्त्याचंही बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर सांध्यांचा आणि पृष्ठभागावरच्या चरांचा स्वतःचा ताल असतो आणि तो गाडीत जाणवतो. चाचणी डांबरी रस्त्यावर करा, शक्यतो त्याच तुकड्यावर परत परत.

फोनने मोजायचं असेल तर

ज्यांना आकडेमोड आवडते त्यांच्यासाठी. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. ते फोनमधल्या ॲक्सिलरोमीटरवरून कंप सेकंदाला किती वेळा होतो ते दाखवतं. फोन शेजारच्या सीटखाली फ्लोअरवर घट्ट बसवा आणि बघायचं काम शेजारी बसलेल्याकडे द्या.

१६५/८० आर १४ हा टायर धरू. त्याचा व्यास सुमारे ६२ सेंटीमीटर, परीघ १.९५ मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरतं. त्याच वेळी पाचव्या गिअरमध्ये इंजिन २५०० च्या आसपास असेल तर ते सेकंदाला ४२ वेळा फिरत असतं. त्यामुळे ९० ला फोनवर १३ चा उंच सुळका दिसला तर इंजिनकडे बघायचं कारणच नाही, चाक एका फेऱ्यात एकदा धक्का देतंय. २६ ला दिसला तर एका फेऱ्यात दोनदा, म्हणजे टायर किंवा रिम अंडाकृती झाल्याची शंका. ३९ च्या आसपास, आणि तोही ॲक्सिलरेटर दाबल्यावरच, तर ॲक्सलचा आतला ट्रायपॉड जॉइंट, कारण त्यात तीन रोलर असतात आणि तो फेऱ्यामागे तीन धक्के देतो. गाडी उभी असताना ८५० आरपीएमला चार सिलेंडरचं इंजिन सेकंदाला २८ ठोके देतं, तीन सिलेंडरचं २१. तीन सिलेंडरची गाडी आयडलला थोडी हलणारच, तो तिचा स्वभाव आहे.

मशिनवर शून्य, रस्त्यावर थरथर

या लेखाचं खरं कारण हे. माझ्या मेहुण्याने पुण्यात घेतलेली, चिपळूणला वापरातली गाडी. आधीच्या मालकाने बाहेरून अलॉय टाकलेले, दिसायला झकास. क्लच बदलल्यानंतर स्टिअरिंगला थरथर. न्यूट्रलमध्येही तीच, म्हणजे चाकं. बॅलन्सिंग केलं, मशिनवर शून्य, थरथर होतीच. दुसरीकडे केलं, थरथर कमी झाली, पण गेली नाही. पंक्चर काढलं आणि पुन्हा जोरात सुरू झाली. चाक नुसतं काढून परत लावलं की थरथरीचं रूप बदलतंय, ही खूण फार महत्त्वाची. टायर वाकडा असता तर दर वेळी सारखाच वाकडा राहिला असता. इथे बदलत होतं ते चाक हबवर बसायचं.

पुढचं उजवं चाक काढून आडवं केलं. मागच्या बाजूने मधल्या भोकात काळ्या प्लॅस्टिकची बारीक कडी बसवलेली होती. डावं काढलं तर तिथे नुसतं मोठं भोक. कडी गायब. गॅरेजमध्ये चाक काढताना ती हबला चिकटून राहिली असेल, कुणीतरी ओढून टाकली असेल, किंवा तुटून पडली असेल. झाडलोट करताना गेलेल्या वस्तूचा पत्ता कोण ठेवतो.

या कडीला हब रिंग म्हणतात. कंपनीच्या रिमचं मधलं भोक हबच्या मधल्या उंचवट्यावर बरोबर बसतं. बऱ्याच लहान जपानी आणि कोरियन गाड्यांत तो उंचवटा ५४.१ किंवा ५६.१ मिलिमीटरचा असतो. बाजारातले अलॉय अनेक गाड्यांना बसावेत म्हणून त्यांचं भोक मोठं, ६७.१ किंवा ७३.१ चं ठेवतात. मधली फट भरायला ही कडी. ती नसेल तर चाक फक्त नटांच्या निमुळत्या बुडावर मध्यात येतं. चाक अधांतरी असताना नट हाताने समोरासमोर लावले तर तेवढ्यानेही काम भागतं. पण एकच नट एअर गनने करकचून आवळला, मग बाकीचे, की चाक एका बाजूला सरकलेलंच पक्कं होतं.

किती सरकलं तर त्रास होतो? अर्धा मिलिमीटर पुरतो. टायरसह १५ किलोचं चाक अर्धा मिलिमीटर बाजूला बसलं तर ते १४ इंची रिमच्या कडेला ४० ग्रॅमहून थोडं जास्त वजन चिकटवल्यासारखं होतं. बॅलन्सिंगवाला पाच-पाच ग्रॅमच्या पट्ट्यांशी खेळत असतो, आणि इथे आठ पट्ट्यांचा घोळ. शंभरच्या वेगात रिमच्या कडेचं २० ग्रॅम जास्तीचं वजनसुद्धा सुमारे तीन किलोच्या जोराने ओढतं, तेही सेकंदाला चौदा वेळा. आता ४० चा हिशेब करा. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ५० ला जेवढा असेल त्याच्या चौपट १०० ला. पण गाडीचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग साधारण ८० ते ११० मध्ये त्या तालाला जास्त साथ देतं, म्हणून थरथर तिथे शिखरावर असते आणि १२० ला कधी कधी कमी वाटते.

मशिन शून्य का दाखवतं, याचंही उत्तर इथेच आहे. बॅलन्सिंग मशिनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून पकडतात. तिथे ते बरोबर मध्यात असतं. मशिन खोटं बोलत नाही, ते फक्त तुमच्या हबवर बसलेलं चाक बघत नाही.

उपाय सांगायला छोटा आहे. दोन्ही मापं व्हर्नियरने घ्या, रिमचं भोक आणि हबचा उंचवटा, आणि त्या जोडीची कडी चारही चाकांना टाका. अलॉयच्या दुकानात मिळते, फार महाग नाही. कडी बसवायच्या आधी हबची चाक टेकतं ती सपाट बाजू तारेच्या ब्रशने चकचकीत करा. कोकणातल्या हवेत तिथे गंजाचे पापुद्रे येतात आणि त्यांच्यावर बसलेलं चाक तिरकं बसतं. मग चाक अधांतरी असताना नट हाताने, समोरासमोर, एकसारखे. गाडी खाली घेऊन शेवटचा जोर. मेहुण्याच्या गाडीची स्टिअरिंगमधली थरथर त्याच संध्याकाळी गेली.

तरीही चाकच वाटत असेल तर

पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो आणि वाळून दगड होतो. लाल मातीच्या रस्त्यावर तर हमखास. एकदा गाडी छान धुतली की थरथर गेली, पुन्हा शेतावर जाऊन आलो की आली, असं होत असेल तर कारण हेच. रिमच्या मागच्या बाजूला पाण्याचा फवारा मारल्याशिवाय बॅलन्सिंगला जाऊ नका, नाहीतर चिखलासकट बॅलन्स होईल आणि चिखल पडला की थरथर परत. चिकटवलेली वजनंही निघून पडतात. जिथे आधी वजन होतं तिथे चौकोनी स्वच्छ डाग दिसतो.

टायरला फुगा आलाय का, हे जॅकवर चाक फिरवून समोरून बघा. एका जागी टायर उडी मारल्यासारखा वर येत असेल तर आतला पट्टा सुटलाय. तो टायर वापरायचा नाही, बॅलन्सिंगने काही होत नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. सेकंड हँड गाडीत नक्षी भरपूर शिल्लक आणि टायर म्हातारा, ही जोडी नेहमी सापडते. गाडी बरेच महिने एकाच जागी उभी असेल तर टायर बुडाशी सपाट होतो. तो थोडा चालवल्यावर सावरला तर ठीक, नाहीतर बदलावा लागतो.

यातलं काहीच दिसत नसेल तर पुढची दोन चाकं मागे टाका, मागची पुढे. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकाबरोबर फिरला. तिथेच राहिली तर हब, बेअरिंग, ॲक्सल बघायचे.

आयडलला केबिन गुरगुरते

मेहुण्याच्या गाडीत ही दुसरी, वेगळी थरथर होती. दोन दोष एकत्र असले की पहिला दुरुस्त होऊनही माणूस म्हणतो, ‘फरक पडला नाही.’ म्हणून वेगाची आणि आयडलची थरथर वेगळी लिहून ठेवायची.

सिग्नलला उभं असताना, एसी चालू केला की डॅशबोर्ड खडखडायचा. क्लचपूर्वी नव्हतं. गिअरबॉक्स उतरवताना इंजिन खालून जॅकवर टेकवतात आणि एक-दोन फाउंडेशन सोडतात. परत बसवताना बोल्ट भोकात आला नाही की लोखंडी सळईने इंजिन ढकलून बसवतात आणि आवळतात. रबर तेव्हापासून पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि इंजिनचा प्रत्येक ठोका बॉडीत पोचवतं. पार्ट नवा असला तरी असंच होतं.

म्हणून पार्ट बदलायच्या आधी हे करून घ्या: गाडी चाकांवर उभी, इंजिनला खालून आधार, सगळ्या फाउंडेशनचे बोल्ट थोडे सैल. इंजिन हाताने हलवून त्याला हवं तिथे बसू द्यायचं, मग कंपनीच्या क्रमाने आवळायचं. खालचा टॉर्क रॉड (इंजिनचं डोलणं रोखणारा दांडा) सर्वांत शेवटी. मेहुण्याचं निम्मं काम एवढ्यानेच झालं. उरलेलं निम्मं उजव्या फाउंडेशनचं होतं, तिचं रबर आधीच फाटलेलं होतं आणि इतके दिवस बाकीच्या जुन्या मवाळ माउंटिंगमुळे ते झाकलं गेलं होतं, क्लचच्या कामात त्यातलं एक नवं पडलं आणि ते उघडं झालं. एकच नवी टाकली की बाकीच्या जुन्यांचं दुखणं बाहेर येतं, हे जुन्या गाडीत नेहमीचंच. तपासायला बोनेट उघडा ठेवून, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही दाबून, एकाने पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतंय ते बघायचं. बाजूला म्हणजे बाजूला, गाडीच्या समोर कोणी नाही.

सायलेन्सरही बघाच. पाइप परत जोडताना रबरी हँगर ताणला गेला किंवा उष्णतेची पत्र्याची ढाल बॉडीला टेकली, तर ठरावीक आरपीएमला कर्रर्र असा आवाज-थरथर येते आणि पुढे गेलं की थांबते.

बाकीचं थोडक्यात

ॲक्सल ओढताना आतला रोलर कपातून निसटू शकतो, बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटू शकतो. बूट फाटला की ग्रीस जातं, धूळ जाते, आणि थरथर महिना-दोन महिन्यांनी सुरू होते. तेव्हा कोणालाच क्लचचं काम आठवत नाही. वळताना कट-कट आवाज हे बाहेरच्या जॉइंटचं लक्षण, सरळ जाताना जोर दिल्यावर थरथर हे आतल्याचं. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तो बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावरच आवळायचा.

डिस्कचंही असंच उशिरा कळतं. हबवर गंजाचा पापुद्रा राहिला किंवा नट असमान आवळले तर डिस्क अगदी किंचित, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, डोलत फिरते. पॅड तिला एका बाजूने घासत राहतात, जाडी असमान होते, आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबल्यावर पाय आणि स्टिअरिंग हलू लागतं. नुसती डिस्क लेथवर मारून आणली आणि त्याच गंजावर बसवली तर तीच तक्रार परत येणार.

गाडी उचलतानाच, पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर हादरत असेल तर ती सगळी वेगळी गोष्ट. नवी क्लच प्लेट जुन्या फ्लायव्हीलवर (इंजिनच्या टोकाची जड चकती) बसवली आणि फ्लायव्हीलवर निळसर जळके डाग तसेच राहिले, किंवा बसवताना प्लेटला तेल-ग्रीसचे हात लागले. नव्या प्लेटला काहीशे किलोमीटर शहरात चालवून बसू द्यावं लागतं हे खरं, पण हजार किलोमीटरनंतरही हादरा तसाच असेल तर ‘अजून सेट होतंय’ हे उत्तर घेऊ नका. गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल, आणि तो कोणाच्या खर्चाने हे लगेच बोलून घ्या.

गॅरेजमध्ये गाडी देताना ‘व्हायब्रेशन’ एवढंच लिहून दिलं तर परत ॲलाइनमेंटच होते. जॉब कार्डवर असं लिहून घ्या: ‘८५ ते १०० ला स्टिअरिंग हलतं, न्यूट्रलमध्येही हलतं, ब्रेकशी संबंध नाही. पुढची चाकं मागे टाकल्यावर सीट हलते. आयडलला एसी लावल्यावर डॅशबोर्ड हलतो, एसी बंद केल्यावर कमी.’ आणि बिल भरायच्या आधी फोरमनला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर त्याच वेगात एक चक्कर मारा.